सीडी गेली, विंडोज नाही

वाचकाचं पत्र:

आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भाड्याच्या घरात आलो. टेम्पोतून सामान हलवताना कॉम्प्युटरच्या सीड्यांचं खोकं गहाळ झालं. सासरे घरूनच डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, वार्षिक अहवाल, सगळं. आता ते काम मी बघते. डेस्कटॉप २०११ साली घेतलेला, मोठ्या कंपनीचा, विंडोज ७ वाला. त्यात श्रीलिपी (मराठी फॉन्ट आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि पेजमेकर (छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आहे. नव्या घरी आल्यापासून त्याचा पडदा मध्येच निळा पडतो आणि तो पुन्हा सुरू होतो. रिपेअरवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल, ओरिजिनल सीडी आणि की द्या. नसेल तर पाचशे रुपयांत लाइफटाइमवाली विंडोज मारून देतो. सासरे म्हणतात, आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू, आता चोरीची कशाला घालायची? त्यांच्याकडे बिल आहे. बिलावर दुसरी सीडी मिळेल का? पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यावी का? मुलीच्या लॅपटॉपची (२०१७, विंडोज १०) सीडीही त्याच खोक्यात होती की काय, आठवत नाही. मंडळाचा अहवाल गणपतीआधी छापून द्यायचा आहे.
– एक वाचक, सध्या काळाचौकी

उत्तर:

ताई,

हे वाचून झालं की आधी त्या रिपेअरवाल्याला फोन करा आणि आठवडाभर थांबायला सांगा. तुम्ही विंडोजच्या सीडीबद्दल बरंच लिहिलंय, पण त्याच खोक्यात श्रीलिपीची आणि पेजमेकरचीही सीडी असणार, तिच्याबद्दल एक ओळ नाही. विंडोज परत मिळवता येतं, आणि कसं ते पुढे सांगतोच. पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. अडोबीने त्यानंतर त्याचं काम थांबवलं, त्यामुळे तो दुकानात जाऊन नवा आणता येत नाही. तुमच्या घरात श्रीलिपी आणि पेजमेकर आता एकाच जागी शाबूत आहेत, त्या आजारी डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कवर. फॉरमॅट मारला की तेही गेले, आणि सासऱ्यांच्या इतक्या वर्षांच्या फाइलीही.

दुसरं, तुम्ही सहज लिहून गेलात की हा त्रास नव्या घरी आल्यापासून सुरू झाला. मला पत्रातलं हेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विंडोज आपणहून टेम्पोत बिघडत नाही. टेम्पोत काय होतं, तर रॅमची पट्टी खाचेतून जरा उचलली जाते, हार्ड डिस्कची केबल सैल होते, पंख्यावरचा धुळीचा थर हलून आत पडतो, आणि जुन्या हार्ड डिस्कला दणके बसतात. या चारही गोष्टींनी मशीन निळं पडू शकतं, आणि चौघांपैकी एकीवरही फॉरमॅट हे औषध नाही. नवी विंडोज मारल्यावरही ते तसंच निळं पडेल. मग रिपेअरवाला म्हणेल, मदरबोर्ड गेला.

म्हणून त्याला बोलवाच, पण हे काम सांगा. कॅबिनेट उघडून धूळ साफ कर. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरव आणि परत घट्ट बसव. हार्ड डिस्कच्या केबली काढून पुन्हा लाव. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं न उघडलेल्या मशीनमध्ये एवढ्यानेच पुष्कळदा काम होतं. त्यानंतरही निळं पडलंच, तर विंडोज ७ मध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी आहे, ती एकदा चालवा. स्टार्टच्या शोधखिडकीत मेमरी असं इंग्रजीत टाइप केलं की सापडते. रॅममध्ये दोष निघाला तर जुनी रॅम लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड मिळते.

हार्ड डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम आहे. निळा रंग दिसला तर ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे त्या क्षणी मशीन बंद करायचं. पिवळा आला तरी मी मशीन पुन्हापुन्हा चालू करून बघणार नाही. आजारी डिस्क प्रत्येक वेळी चालू करताना थोडी अधिक खराब होत जाते.

आता मुद्द्याचं सांगतो. डिस्क निळ्यात असो की पिवळ्यात, तुम्ही तिचा क्लोन करून घ्या. क्लोन म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर, म्हणजे नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कवर, उतरवायचं. विंडोज, श्रीलिपी, पेजमेकर, फॉन्ट, फाइली, अगदी डेस्कटॉपवरचा देवाचा फोटोसुद्धा. मग जुनी डिस्क काढून एसएसडी त्याच जागी जोडायची. यात सीडी लागत नाही, प्रॉडक्ट की लागत नाही, आणि अॅक्टिव्हेशनही, म्हणजे विंडोजने लायसन्स खरं मानणंही, टिकतं, कारण तुमच्याकडे आहे तशा मोठ्या कंपनीच्या मशीनमध्ये ते मदरबोर्डला बांधलेलं असतं, डिस्कला नाही. क्लोनझिला हे फुकट साधन यासाठी चालतं. काही एसएसडी कंपन्या स्वतःचं क्लोनिंगचं सॉफ्टवेअरही देतात. घरी जमणार नसेल तर ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर हे करून देणारी दुकानं आहेत. रविवारी जाऊ नका, बहुतेक बंद असतात. दुकानदाराला ‘डेटा कॉपी करून द्या’ असं म्हणू नका. नुसत्या फाइली उतरवून तो मोकळा होईल. ‘पूर्ण डिस्कचा क्लोन, बूट होईल असा’ असं म्हणा, आणि शक्यतो समोर बसून करून घ्या. डिस्कमध्ये खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा, निघाले तर साधा क्लोन अडतो. तेव्हा डीडीरेस्क्यू वापरणाऱ्या माणसाकडे जायचं. ते साधन वाचता येईल तेवढं आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं.

जुनी डिस्क घरी आणून कपाटात ठेवा. ती पुसून दुसऱ्या कामाला लावण्याचा मोह घरात कुणाला तरी होईलच. होऊ देऊ नका.

मशीनच्या मागे पेनड्राइव्हसारखं काही कायमचं खोचलेलं दिसतंय का, तेही बघा. श्रीलिपी विकताना पुष्कळदा असं हार्डवेअर लॉक द्यायचे. ते असेल तर सीडीपेक्षा त्यालाच जास्त जपा. लॉक आहे म्हटल्यावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडे, म्हणजे श्रीलिपी बनवणाऱ्या कंपनीकडे, निदान विचारणा तरी करता येते.

इथवर सगळं सुरळीत झालं तर विंडोजच्या सीडीची गरजच पडत नाही. पण समजा डिस्कच वाचता आली नाही, आणि विंडोज खरोखरच नव्याने टाकायची वेळ आली. तेव्हाची तयारी आजच करून ठेवायला हवी, कारण ती मशीन चालू असतानाच नीट होते.

पैसे मोजून तुम्ही नेमकं काय विकत घेतलंत, ते सासऱ्यांना असं सांगा. सीडी म्हणजे खोलीचं कुलूप. ते हरवलं तर बाजारातून दुसरं आणून लावता येतं. २५ अक्षरांची प्रॉडक्ट की म्हणजे तुमच्या नावाची भाडेपावती. पुनर्विकासात हक्क तिच्यावर मिळतो. तुम्ही विकत घेतलं ते लायसन्स, आणि त्याचा पुरावा खोक्यात नव्हताच. २०११ च्या कंपनीच्या मशीनवर तो कॅबिनेटच्याच अंगावर चिकटवलेला असतो.

तेव्हा कॅबिनेट पुढे ओढा आणि बाजू, वरचा भाग, मागची बाजू, सगळीकडे बघा. मायक्रोसॉफ्टचं एक छोटं स्टिकर असेल, त्यावर विंडोज ७ च्या आवृत्तीचं नाव आणि पाच-पाच अक्षरांचे पाच गट. आपल्याकडे त्या काळात बऱ्याच मशीनवर ‘होम बेसिक’ असायची. ही आवृत्ती भारतासारख्या बाजारांसाठीच काढली होती, अमेरिकेत ती विकतच नव्हते. त्यामुळे परदेशी व्हिडिओत ती दिसली नाही म्हणून गोंधळू नका. आवृत्ती नेमकी टिपून ठेवा. होम बेसिकची की प्रोफेशनलवर चालत नाही. मात्र त्याच आवृत्तीच्या ३२ बिट आणि ६४ बिट या दोन्ही प्रकारांवर तीच की चालते.

पंधरा पावसाळे खाल्लेलं स्टिकर बहुधा पुसट झालेलं असेल. ओल्या फडक्याने पुसू नका, उरलेली शाईही जाईल. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आडवा धरा, दुसऱ्या मोबाइलने जवळून फोटो काढा आणि फोटोत कॉन्ट्रास्ट वाढवून वाचा. अक्षर ओळखताना एक गोष्ट फार उपयोगी पडते, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. विंडोज ७ च्या कीमध्ये सगळी इंग्रजी अक्षरं येतच नाहीत. फक्त २४ चिन्हं येतात: बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एम, पी, क्यू, आर, टी, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९. म्हणजे शून्य की ओ हा वाद उद्भवतच नाही, दोन्ही नाहीत. गोल दिसतंय ते क्यू किंवा डी असेल, किंवा जी. पाच की एस, तर दोन्ही नाहीत. तिथे बहुधा ६ किंवा ८ आहे. एक, आय, एल यांचाही प्रश्न नाही. उभी रेघ दिसतेय तर ती टी, पी, एफ किंवा ७ यांची उरलेली रेघ. खरी डोकेदुखी उरते ती बी आणि ८, जी आणि ६, व्ही आणि वाय, एम आणि डब्ल्यू यांची. शंका असलेल्या जागा कागदावर दोन्ही पर्यायांसह लिहून ठेवा. दोन-तीन जागी शंका असली तरी एकेक जुळवून बघता येतं.

स्टिकर अजिबात वाचता येत नसेल तर निरसॉफ्टचं प्रोड्यूकी हा छोटा प्रोग्राम मशीनमधल्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, साठवलेली की उलगडून दाखवतो. मशीन चालूच होत नसेल तर त्याची हार्ड डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून तिच्यातलीही की तो वाचतो. अँटिव्हायरस ओरडेल, कारण असली साधनं चोरही वापरतात. प्रोग्राम बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्या आणि काम झालं की काढून टाका.

मात्र इथे एक खड्डा आहे आणि त्यात रिपेअरवालेही पडतात. कंपनीच्या मशीनमध्ये प्रोग्रामने दाखवलेली की आणि स्टिकरवरची की जुळणार नाहीत. याचा अर्थ कुणीतरी तुम्हाला फसवलं असा नाही. मोठ्या कंपन्या कारखान्यात हजारो मशीनवर एकच सामायिक की घालून विंडोज भरत. ती की त्या कंपनीच्या मदरबोर्डमधली खूण ओळखते आणि नेटशिवायच अॅक्टिव्हेट होते. साध्या सीडीवरून विंडोज टाकून ती की नुसती टाइप केली तर बहुधा नाकारली जाते. तुमच्या मशीनची स्वतःची की स्टिकरवरची. साध्या सीडीवर तीच चालायची, आणि नेटवरून झालं नाही तर फोनच्या अॅक्टिव्हेशनने व्हायची. विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवलं, पण म्हणून जुनं लायसन्स रद्द झालेलं नाही.

राहिली सीडी. विंडोज ७ ची फाइल मायक्रोसॉफ्ट आता साइटवरून देत नाही. मशीनच्या कंपनीला सिरीयल नंबर देऊन रिकव्हरी डिस्क मागून बघायला हरकत नाही. एके काळी खर्च घेऊन पाठवायच्या. इतक्या जुन्या मॉडेलसाठी नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. त्याहून जवळचा मार्ग तुमच्याच धंद्यात आहे. गिरगाव-दादर पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या डीटीपीवाल्याच्या कपाटात त्याच आवृत्तीची मूळ विंडोज ७ ची सीडी पडलेली असते. ती उसनी आणायची, की मात्र स्वतःच्या स्टिकरवरची घालायची. यात चोरी काही नाही. टोरेंटवरची ‘सगळं आत भरलेली’ विंडोज ७ आणू नका. त्यात विंडोजखेरीज आणखी काय भरलंय हे भरणाऱ्यालाच माहीत.

अजून एक सीडी मशीनच्या पोटात असू शकते. कंपनीच्या मशीनमध्ये हार्ड डिस्कचा एक लपलेला भाग रिकव्हरीसाठी राखलेला असतो. मशीन सुरू होताना एखादी ठरावीक कळ दाबली की तो जागा होतो. एचपीमध्ये बहुधा एफ११, एसरमध्ये आल्ट आणि एफ१०, असूसमध्ये एफ९. तुमची कंपनी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. हा भाग मशीन अगदी दुकानातून आणल्या दिवसासारखं करून देतो, म्हणजे बाकीचं सगळं पुसून. म्हणून ती कळ ‘बघू काय होतं’ म्हणून दाबायची नाही, आणि क्लोन हातात येईपर्यंत तर मुळीच नाही. आणि पूर्ण डिस्कचा क्लोन केलात तर हा लपलेला भागही त्यासोबत येतो, तो मुद्दाम येऊ द्या. जागा वाचते म्हणून दुकानदार वगळायला सांगेल.

आता ते पाचशे रुपये. पाचशेत ‘लाइफटाइम’ विंडोज म्हणजे दोनपैकी एक असतं. एक, लोडर किंवा अॅक्टिव्हेटर, म्हणजे विंडोजला खोटी खूण दाखवून फसवणारा प्रोग्राम. तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हाच माणसाने उठून जायला हवं. दोन, कुठल्यातरी संस्थेला घाऊक दिलेली की, जी शेकडो जणांना फुटकळ विकली जाते आणि वापर मर्यादेबाहेर गेला की बंद पडते. तुमच्या ओळखीत कुणाला असं मारून दिलं असेल तर तपासता येतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत एस, एल, एम, जी, आर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि डी, एल, आय असं टाइप करा. येणाऱ्या खिडकीत घरगुती मशीनवर ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असं, म्हणजे संस्थांना घाऊक दिलेलं, लिहिलेलं दिसलं तर ते लायसन्स घरासाठी नव्हतंच. शेवटच्या तीन अक्षरांऐवजी एक्स, पी, आर टाइप केलं तर मुदतीची तारीख दिसते. केएमएसची मुदत एका वेळी १८० दिवसांची. लाइफटाइम ते हे!

सासऱ्यांचं म्हणणं कायद्यालाही धरून आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-बी: नक्कल आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून नुसता दंड करू शकतं. तुमचं डीटीपी हा धंदा आहे, ती सवलत तुम्हाला नाही. काळाचौकीत उद्या कुणी धाड घालणार आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात खरं लायसन्स कॅबिनेटला चिकटलेलं आहे, त्या घरात पाचशे रुपये देऊन खोटं घ्यायचं, यात अक्कल कुठली?

लॅपटॉपचं अगदी सोपं आहे. २०१७ च्या विंडोजवाल्या लॅपटॉपसोबत बहुधा सीडी आलीच नव्हती, त्यामुळे ती हरवलेली नाही. विंडोज ८ पासून कंपन्या की थेट मदरबोर्डच्या चिपमध्ये लिहितात. स्टिकरवर की दिसत नाही ती म्हणूनच. पुन्हा टाकायची झाली तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १० उतरवा. इन्स्टॉल करताना की सहसा विचारत नाही. विचारलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडा, नेटला जोडल्यावर मशीन स्वतःला ओळखतं. सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्स असं दिसलं की झालं. फक्त आवृत्ती बदलू देऊ नका. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असते आणि रिपेअरवाले सवयीने ‘प्रो’ मारतात. मग अॅक्टिव्हेशन बसत नाही, आणि मग ते बसवायला पुन्हा तोच पाचशेवाला मार्ग. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर त्याचा पर्याय दिसतो, तो घेऊन टाका. २०१७ च्या लॅपटॉपमधला प्रोसेसर बहुधा विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. कुणी ‘आडमार्गाने ११ मारून देतो’ म्हणालं तर मुलीच्या अभ्यासाच्या मशीनवर हा प्रयोग नको.

बिल आणि पोलीस. बिलावर मायक्रोसॉफ्ट दुसरी की देत नाही. दुकानातून किंवा मशीनसोबत आलेल्या कीची नोंद ते ठेवत नाहीत, फक्त त्यांच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या कींची ठेवतात. तरी बिल जपा. मशीन तुम्ही रीतसर विकत घेतलं हे त्यावरून दिसतं, आणि मशीनच्या कंपनीशी किंवा श्रीलिपीवाल्यांशी बोलताना तारीख आणि सिरीयल नंबर त्यावरून सांगता येतो. सीडीसाठी पोलीस ठाण्यात जाऊन बसण्यात अर्थ नाही, कारण हरवल्याचा दाखला विंडोजसाठी कुणी मागत नाही. त्या खोक्यात श्रीलिपीचं लॉकही गेलं असेल तर मात्र वेगळी गोष्ट. लॉक म्हणजेच लायसन्स, आणि दुसरं मागायला गेलात तर कंपनी लेखी काहीतरी मागू शकते. मुंबई पोलिसांच्या साइटवर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते, ती तेवढ्यासाठी करा.

क्लोन झाल्यावर त्या डेस्कटॉपची नेटची वायर काढून ठेवा. सुरक्षा अपडेट बंद झालेलं मशीन श्रीलिपी-पेजमेकरसाठी उत्तम चालतं, बँकेसाठी आणि ईमेलसाठी नाही. छापखान्याला पाठवायची पीडीएफ पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर आणा आणि तिथून पाठवा. पेनड्राइव्ह छापखान्यातून परत आला की डेस्कटॉपला लावण्याआधी लॅपटॉपवर स्कॅन करा. छापखान्याच्या पेनड्राइव्हइतका व्हायरसचा प्रसार दुसऱ्या कशानेही होत नाही, असं माझं मत आहे.

मंडळाच्या अहवालासाठी डेस्कटॉप बरा व्हायची वाट बघू नका. मजकूर आणि हिशोबाचे तक्ते आजपासून लॅपटॉपवर युनिकोडमध्ये टाइप करायला घ्या. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, त्यामुळे मजकूर तसाच पेजमेकरमध्ये चिकटवला तर चौकोन नाहीतर अगम्य अक्षरं दिसतील. युनिकोडमधून त्या फॉन्टमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि अर्धा र एकदा डोळ्यांखालून घाला, कन्व्हर्टर तिथेच चुकतात. वर्गणीदारांच्या नावांत ‘सुर्वे’ आणि ‘कुऱ्हाडे’ आधी तपासा. ते बरोबर आले तर बाकीचे बहुधा येतात.

रॅम साफ करूनही मशीन निळं पडत राहिलं तर पुन्हा लिहा. लिहिताना निळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून त्यातला शून्य-एक्सने सुरू होणारा आकडा, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमधल्या ‘रिअॅलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ या दोन ओळींसमोरचे आकडे पाठवा. की मात्र पाठवू नका. मला नको, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नको, रिपेअरवाल्यालाही नको. त्याला लागेल तेव्हा तुम्ही स्वतः टाइप करा.